पाय पाहून अंथरूण: इलेक्ट्रॉनिक बोर्डाभोवती पेटी कशी बेततात

जून २०१९मध्ये रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक-बोर्ड आला तेव्हा अनेकांची एक फसगत झाली. बोर्डाचं माप आधीच्या पाय ३ इतकंच, ८५ बाय ५६ मिमी. स्क्रूची चारही भोकं जागच्या जागी. तरी पाय ३ची पेटी पाय ४ला बसेना. मोठा एचडीएमआय पोर्ट जाऊन दोन मायक्रो एचडीएमआय आले होते, वीज घ्यायला मायक्रो यूएसबीऐवजी यूएसबी-सी आला होता, आणि नेटवर्कच्या पोर्टाने यूएसबीच्या जोडीशी जागेची अदलाबदल केली होती. २०२३च्या पाय ५मध्ये नेटवर्कचा पोर्ट पुन्हा आपल्या मूळ बाजूला गेला आणि हेडफोनचा जॅक काढून टाकला गेला. भोकं अजून तीच.

ज्यांनी पाय ३ची पेटी रेघ रेघ ओढून काढली होती, त्यांना पहिल्यापासून बसावं लागलं. ज्यांनी ती पॅरामेट्रिक पद्धतीने बेतली होती, त्यांनी खिडक्यांच्या (पोर्टांसाठी भिंतीत कापलेल्या जागांच्या) तक्त्यातले काही आकडे बदलले आणि पेटी पुन्हा छापायला टाकली. थ्रीडी प्रिंटर हाताशी आहे, बोर्ड-सेन्सर-बॅटरी जुळवून झालंय आणि आता हे सगळं कशात तरी बसवायचंय, अशा कुणालाही हा फरक कळून घेण्यासारखा आहे.

## पॅरामेट्रिक म्हणजे नेमकं काय?

कॅड म्हणजे संगणकावर वस्तूचा मापशीर आराखडा काढणं. तो दोन तऱ्हांनी काढता येतो. ‘इथे ९१ मिमी लांबीचा ठोकळा’ असं म्हणून थेट ठोकळा उभा करायचा, ही एक तऱ्हा. ‘ठोकळा बोर्डापेक्षा दोन्ही टोकांना ३ मिमी जास्त’ असं नातं लिहून ठेवायचं आणि ९१ हा आकडा संगणकाला काढू द्यायचा, ही दुसरी. दुसरीला पॅरामेट्रिक म्हणतात, आणि भिंतीची जाडी, बोर्डाची लांबी यांसारखे जे आकडे नाव देऊन बाजूला काढून ठेवतो ते पॅरामीटर. एक्सेलमध्ये एका रकान्यातली रक्कम बदलली की खालची बेरीज आपोआप बदलते, तसंच हे. फक्त बेरजेच्या जागी पेटी आहे.

कल्पना जुनी आहे. आयव्हन सदरलंड यांच्या १९६३च्या ‘स्केचपॅड’मध्येच रेघांवर समांतरपणासारखी बंधनं घालता येत होती. आज फ्रीकॅडमध्ये त्यासाठी स्प्रेडशीट आहे, फ्यूजनमध्ये यूजर पॅरामीटर, ऑनशेपमध्ये व्हेरिएबल, आणि ओपनस्कॅडमध्ये तर अख्खं मॉडेलच कोडच्या ओळींत लिहितात. पुढचं सगळं यांतल्या कुठल्याही साधनाला लागू आहे.

## आकड्यांच्या तीन जाती

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण इथे उलटी चालते. पाय ठरलेले आहेत, ते आखडता येत नाहीत. अंथरूणच त्यांच्यावरून बेतायचं. (बोर्डाचं नावही ‘पाय’च असावं हा निव्वळ योगायोग.) बोर्ड, सेल, पंखा, डिस्प्ले यांची मापं कारखान्यात ठरून आलेली असतात. एए सेल जास्तीत जास्त १४.५ मिमी जाड आणि ५०.५ मिमी लांब. सीआर२०३२ या बटन सेलचं माप तर नावातच आहे: २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी. ४० मिमीच्या पंख्याच्या भोकांमधलं अंतर ३२ मिमी. हेडरच्या, म्हणजे तारा जोडायच्या रांगेतल्या, पिना एकमेकींपासून २.५४ मिमीवर, म्हणजे इंचाच्या दहाव्या भागावर. ही पहिली जात: मोजलेले आकडे. आपल्या मर्जीने यांत काही बदलता येत नाही.

दुसरी जात ठरवलेल्या आकड्यांची. भिंत २ मिमी, बोर्डाभोवती मोकळीक १ मिमी, तळाची जाडी, कोपऱ्याची गोलाई. इथे आपला निर्णय चालतो.

तिसरी जात निघालेल्या आकड्यांची: पेटीची बाहेरची लांबी, खांबांच्या जागा, झाकणाचं माप. हे आकडे पहिल्या दोन जातींतून गणिताने येतात आणि ते हाताने कधीही टाइप करायचे नाहीत. पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या बऱ्याच, कुणीतरी तिसऱ्या जातीचा आकडा घाईत हाताने लिहिल्यामुळे होतात.

## तयार फाइल थोडी मोठी करून नाही चालणार?

पेटी किंचित आखूड पडतेय, मग स्लायसरमध्ये (प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) १०३ टक्के करू, हा मोह सगळ्यांना होतो. पण टक्क्याने वाढवलं की सगळंच वाढतं. रास्पबेरी पायच्या भोकांमधलं अंतर ५८ मिमी आहे. ३ टक्क्यांनी ते ५९.७४ होतं. बोर्डाचं भोक २.७ मिमीचं आणि त्यातला एम२.५ स्क्रू २.५चा, म्हणजे खेळायला जागा ०.२ मिमी, आणि चूक १.७४ मिमीची. पहिला स्क्रू लागतो, दुसरा भोकाच्या काठावर घासत बसतो. वाढवायची होती ती फक्त मोकळीक. भोकांना हातही लावायचा नव्हता. हा भेद कळायला मॉडेलमध्ये नाती लिहिलेली असावी लागतात, आणि डाउनलोड केलेल्या एसटीएल फाइलमध्ये नाती नसतातच. तिच्यात नुसते त्रिकोण असतात.

## गणित तिसरीतलं, पण मांडणी महत्त्वाची

बाहेरची लांबी = बोर्डाची लांबी + २ × मोकळीक + २ × भिंत
पाय ४साठी: ८५ + २ + ४ = ९१ मिमी

रुंदी तशीच: ५६ + २ + ४ = ६२. उंचीत जरा जास्त पदर आहेत. तळ २, खांब ३, बोर्डाची जाडी (सर्रास १.६, पण मोजून घ्यावी), बोर्डावरचा सगळ्यात उंच घटक (दुमजली यूएसबी पोर्ट साधारण १६), वर १ मिमी मोकळीक आणि झाकण २. एकूण २५.६. खांब म्हणजे बोर्ड तळापासून उचलून धरणारे छोटे स्तंभ, ज्यांना स्टँडऑफ म्हणतात. ते ३ मिमीपेक्षा बुटके करू नयेत, कारण बोर्डाच्या पोटाखाली सोल्डर केलेल्या पिनांची टोकं डोकावत असतात आणि ती तळाला टेकली की स्क्रू आवळताना बोर्ड वाकतो.

भिंत २ मिमीच का? प्रिंटरच्या नोझलमधून प्लॅस्टिकची साधारण ०.४ मिमी रुंद रेघ निघते; २ मिमीमध्ये अशा पाच रेघा नेमक्या मावतात. १.८ मध्ये मावत नाहीत, मग स्लायसर मधे बारीक फट सोडतो किंवा ती कशीबशी बुजवतो.

मोकळीक या एकाच नावाखाली मात्र सगळ्या फटी कोंबू नका. बोर्ड आणि भिंत यांतली फट ०.५ ते १ मिमी असली तरी चालते, तिथे काही घट्ट बसायचं नाही. झाकणाचा कंगोरा पेटीत बसतो तिथली फट प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.३ लागते, १ मिमी ठेवली तर झाकण खुळखुळतं. पहिली फट बोर्डावर अवलंबून आहे, दुसरी प्रिंटरवर. प्रिंटर बदलला की फक्त दुसरी बदलायची.

## शून्य कुठे धरायचं?

सगळी अंतरं कुठून तरी मोजावी लागतात. सवयीने लोक पेटीचा बाहेरचा कोपरा शून्य धरतात, आणि तिथेच घोळ सुरू होतो. भिंत जाड केली की बाहेरचा कोपरा सरकतो आणि त्याच्यासोबत सगळ्या खिडक्या सरकतात. शून्य बोर्डावर असावं. पेटी त्याच्याभोवती वाढू दे, आकसू दे. बोर्ड हलत नाही.

बोर्डावर तरी कुठे? काठापेक्षा भोक बरं. मोठ्या पत्र्यातून बोर्ड तोडून वेगळे करतात, तेव्हा काठावर खरखरीत दाते राहतात आणि तो एक-दोन दशांश मिमी इकडेतिकडे असू शकतो. भोकं मशीनने पाडलेली, म्हणून जास्त नेमकी. रास्पबेरी पायच्या भोकांची केंद्रं काठापासून ३.५ मिमीवर आहेत, म्हणजे वरच्या उदाहरणात पेटीच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून पहिला खांब २ + १ + ३.५ = ६.५ मिमीवर ‘निघतो’.

पायची भोकं सुबक आयतात आहेत, ५८ बाय ४९. आर्डुइनो उनो या दुसऱ्या बोर्डाची तशी नाहीत. त्याच्या चार भोकांच्या जागा, यूएसबी डावीकडे ठेवून खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजल्या तर, आडव्या-उभ्या अशा पडतात: १३.९७–२.५४, १५.२४–५०.८, ६६.०४–७.६२ आणि ६६.०४–३५.५६. कुठलाही आयत यात बसवता येत नाही. म्हणून भोकांसाठी ‘लांबी-रुंदी’ असे दोन पॅरामीटर करण्यापेक्षा जागांची यादीच ठेवावी आणि यादीतल्या प्रत्येक जागी खांब उभा करायला सांगावं. खिडक्यांचंही तेच: प्रत्येक खिडकीची एक ओळ, तिच्यात बाजू, जागा, रुंदी, उंची. पाय ३वरून पाय ४वर जाताना बदलली ती हीच यादी.

## माप चुकलं तर पुढचं सगळं फुकट

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर पट्टीने अंदाजे घेऊ नका. भोकात घट्ट बसतील असे दोन सारखे ड्रिल बिट उभे करा, व्हर्निअर कॅलिपरने दोन्हींच्या बाहेरून माप घ्या आणि त्यातून एका बिटचा व्यास वजा करा. ६०.७ आलं, बिट २.७चा, म्हणजे अंतर ५८.

डेटाशीट (उत्पादकाने दिलेला मापांचा तक्ता) असेल तर त्यातलं ‘जास्तीत जास्त’ माप घ्या, सरासरी नव्हे. वस्तू आत मावायची आहे. १८६५० हा लिथियम सेल नावाप्रमाणे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, पण टोकाला संरक्षक सर्किट जोडलेला सेल ६८ ते ७० मिमीपर्यंत जातो. नावावर विसंबून ६६ मिमीचा खण केला की सेल आडवा होतच नाही. स्वस्त मॉड्यूलबाबत तर नाव हा पुरावाच धरू नये. ०.९६ इंची ओलेड डिस्प्ले म्हणून जे मिळतात त्यांच्या भोकांच्या जागा एका उत्पादकाकडून दुसऱ्याकडे बदलतात, पिनांचा क्रमही बदलतो. ईएसपी३२ या वाय-फाय चिपच्या बोर्डांची रुंदीही एकसारखी नसते. हातात आहे तोच तुकडा मोजायचा.

उत्पादक बोर्डाची स्टेप फाइल (त्याचं तयार थ्रीडी मॉडेल) देत असेल तर काम सोपं होतं. ती मॉडेलमध्ये आणून पेटीत ठेवली की कुठे काय आपटतं ते दिसतं. बोर्ड स्वतःच कायकॅड या सर्किट-बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला असेल तर त्यातूनही स्टेप फाइल निघते. तरी दोन मापं कॅलिपरने पडताळून पाहावीत, फाइल जुन्या आवृत्तीची असू शकते.

## खिडकी पोर्टासाठी कापताय की प्लगसाठी?

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडं थांबायला हवं. यूएसबी-सी पोर्टाचं तोंड साधारण ८.३ बाय २.६ मिमीचं. त्यावरून ९ बाय ३.२ची नेटकी खिडकी कापली जाते, पडद्यावर सुंदर दिसते. मग केबल लावायला जावं तर ती अर्धवटच आत जाते आणि मोबाइलच्या चार्जरवर संशय घेतला जातो. कारण केबलच्या टोकाला धातूच्या जिभेमागे जाड प्लॅस्टिकची मूठ असते. यूएसबी-सीच्या नियमात ती जास्तीत जास्त १२.३५ बाय ६.५ मिमी असू शकते. मोकळीक १ आणि भिंत २ मिळून पोर्टाच्या तोंडापुढे ३ मिमी खोली तयार झालेली असते; मूठ भिंतीला अडते आणि जीभ ३ मिमी बाहेरच राहते.

उपाय दोन. खिडकीच १३ बाय ७.१ करावी, किंवा बाहेरून तेवढ्या मापाची खोबण करून तिथे भिंत ०.८ मिमीपर्यंत पातळ करावी, आणि बोर्डही त्या भिंतीला जवळजवळ भिडेल असा सरकवावा. पहिला उपाय दिसायला थोडा ओबडधोबड आहे, पण पेटीत धूळ जाण्याची फारशी भीती नसेल तर तोच घ्यावा.

## पेटी झाली, पण बोर्ड आत जाणार कसा?

रास्पबेरी पायचे यूएसबी आणि नेटवर्कचे पोर्ट बोर्डाच्या काठाबाहेर दोन-तीन मिमी आलेले असतात. चारही बाजूंनी बंद खिडक्या असलेल्या पेटीत असा बोर्ड वरून सरळ उतरत नाही. पोर्टाचं नाक भिंतीवर टेकतं. एका बाजूला नाकं असली तर बोर्ड तिरपा करून आधी ती खिडकीत घालता येतात, मग दुसरी बाजू खाली दाबायची. पण दुसऱ्या बाजूलाही काही बाहेर आलेलं असेल तर हा मार्ग बंद. तेव्हा पेटी कुठून उघडायची हे पोर्टांवरून ठरवा: खालचा भाग पोर्टांच्या मध्यरेषेपर्यंत, वरचा तिथून पुढे. खिडकी अर्धी खाली, अर्धी झाकणात. बोर्ड वरून अलगद बसतो, शिवाय खिडकीच्या वरच्या कडेला प्रिंटरला आधार द्यावा लागत नाही. ही रेषासुद्धा पॅरामीटर असू द्या: तळ + खांब + बोर्ड + पोर्टाच्या उंचीचा निम्मा.

## ३.२चं भोक २.७७चं कसं होतं?

ओपनस्कॅडमध्ये एम३ स्क्रूसाठी ३.२ मिमी व्यासाचं भोक लिहिलं, छापलं, आणि स्क्रू जाईना. प्रिंटरला दोष देण्याआधी मॉडेल जवळून पाहा: भोक गोल नाही, षट्कोनी आहे. ओपनस्कॅड वर्तुळाऐवजी बहुभुज काढतं, आणि काही सांगितलं नाही तर एक बाजू साधारण २ मिमीची धरतं. ३.२ मिमी व्यासाचा परीघ १०.०५ मिमी; भागिले २ म्हणजे पाचाच्या किंचित वर, वरचा पूर्णांक ६. षट्कोनाचे कोपरे वर्तुळावर असतात, पण समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर ३.२ × ०.८६६ = २.७७ मिमी. त्यातून ३ मिमीचा स्क्रू कसा जाणार? बाजूंची संख्या ठरवणारं ‘डॉलर एफएन’ ($fn) ४८ वगैरे करून टाकलं की प्रश्न मिटतो.

पुरता मिटत नाही, कारण प्रिंटरही भोक थोडं आवळतो. गरम प्लॅस्टिकची रेघ वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते, ०.१ ते ०.३ मिमी घट सहज येते. म्हणून ‘भोकाची भरपाई’ असा एक वेगळा पॅरामीटर ठेवावा आणि तो सगळ्या भोकांत मिळवावा. त्याचा आकडा आपल्या प्रिंटरवर २.८ पासून ३.६ पर्यंतच्या भोकांची एक पट्टी छापून ठरवता येतो.

## आकडा बदलला आणि मॉडेल कोसळलं

पॅरामेट्रिक मॉडेलची खरी परीक्षा आकडा बदलल्यावर होते, आणि पहिल्या परीक्षेत बहुतेक मॉडेलं नापास होतात. भिंत २ची ३ केली आणि खिडक्या आरपार गेल्याच नाहीत: कापायची खोली कुणीतरी हाताने २ लिहिली होती. ती ‘भिंत + मोकळीक’ अशी हवी, आणि दोन्ही टोकांना ०.०१ मिमी जास्त. कापणारा ठोकळा भिंतीच्या पृष्ठभागाशी तंतोतंत जुळला तर तिथे शून्य जाडीचा पापुद्रा राहू शकतो. आतल्या कोपऱ्याची गोलाई म्हणजे बाहेरची गोलाई वजा भिंत. गोलाई ३ आणि भिंत ४ झाली की उत्तर उणे येतं आणि सॉफ्टवेअर हात वर करतं. तिथे ‘पण ०.५ पेक्षा कमी नाही’ अशी अट घालावी.

माउसने काढायच्या कॅडमध्ये आणखी एक खोडी आहे. ‘या कडेला गोलाई दे’ म्हटलं की सॉफ्टवेअर त्या कडेचा क्रमांक लक्षात ठेवतं. नंतर एक खिडकी वाढली की कडांचे क्रमांक बदलतात आणि गोलाई भलत्याच कडेला जाऊन बसते. फ्रीकॅडचे वापरकर्ते यावर वर्षानुवर्षं कुरकुरत होते. नोव्हेंबर २०२४च्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला. तरी गोलाया आणि सजावट सगळ्यात शेवटी करायची शिस्त पाळलेली बरी.

मॉडेल पुरं झालं की मुद्दाम छळून पाहा. भिंत १.२ करा, मग ४. बोर्ड ३० मिमीचा करा, मग १५०चा. ३० मिमीवर बहुधा बोर्डाचे खांब आणि झाकणाच्या स्क्रूचे खांब एकमेकांत घुसलेले दिसतील.

## एकच पेटी करायची, तर एवढा खटाटोप कशाला?

आक्षेप रास्त आहे, पण एक पेटी म्हणजे एक प्रिंट असं क्वचितच होतं. पहिल्या प्रिंटमध्ये खिडकी अर्धा मिमी वर निघते, झाकण आवळ बसतं. मग नाती लिहिलेल्या मॉडेलमध्ये एक आकडा बदलायचा असतो, दुसऱ्यात वीस जागी शोधाशोध. वेळ वाचवायचा खरा मार्ग म्हणजे आख्खी पेटी छापायच्या आधी तुकडा छापणं. त्याच्याही आधी तळाचा आराखडा कागदावर खऱ्या मापात छापून बोर्ड त्यावर ठेवावा. कोपऱ्यात १०० मिमीची रेघ काढून ती पट्टीने तपासावी, कारण छापताना ‘पानात बसवा’ चालू राहिलं की सगळं काही टक्के आखूड येतं. कागद जुळला की १ मिमी जाडीचा तळ, त्यावर चार खांब आणि पोर्टांची एकच भिंत एवढंच छापावं. काही तासांची प्रिंट वाया जाण्यापेक्षा ही थोड्या वेळात निघते आणि नव्वद टक्के चुका दाखवून देते.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. प्रत्येक गोलाई, प्रत्येक अक्षराची उंची पॅरामीटर केली तर नाकापेक्षा मोती जड होतो. दहा-पंधरा नावं आणि दोन याद्या पुरतात. आणि पोर्ट एक-दोनच असतील, तर बाजारातली तयार प्लॅस्टिकची पेटी आणून ड्रिलने भोकं पाडणं यात काही कमीपणा नाही.

उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. पीएलए प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, त्यामुळे बोर्ड तापणारा असेल किंवा पेटी उन्हात राहणार असेल तर पीईटीजी किंवा एबीएस घ्यावं. आणि वाय-फायच्या अँटेनासमोर धातूचा पत्रा, स्क्रू किंवा कार्बन फायबर मिसळलेलं प्लॅस्टिक येऊ देऊ नये.

## फाइल सहा महिन्यांनी उघडली तर?

मोजलेल्या प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते लिहून ठेवा: डेटाशीट, स्टेप फाइल, की कॅलिपर. बोर्डावर बारीक अक्षरांत आवृत्ती छापलेली असते, तीही तक्त्यात घ्या आणि पेटीच्या तळाला आतून ०.६ मिमी खोल कोरा. बाहेरून कोरलं तर पहिला थर प्रिंटरच्या पाटावर दाबून पसरतो आणि अक्षरं बुजतात.